काठावर पास झालेल्या शास्त्रज्ञाला कळलेलं, थंडीत इलेक्ट्रिक गाडी चार्ज का होत नाही

जानेवारी २०२४. अमेरिकेतलं शिकागो शहर. पारा शून्याच्या बराच खाली गेलेला. चार्जिंग स्टेशनबाहेर इलेक्ट्रिक गाड्यांची रांग लागलेली. केबल लावूनही बॅटरी चार्ज होईना. काही गाड्या तर टो करून न्याव्या लागल्या. व्हिडिओ व्हायरल झाले आणि थंडीत ईव्ही कामाची नाही, असं अनेकांनी ठरवूनही टाकलं.

पण हे का झालं, याचं उत्तर शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे. त्यासाठी स्वांते अऱ्हेनिअस या माणसाची गोष्ट माहिती पाहिजे. आम्ल आणि आम्लारीच्या धड्यात हे नाव वाचलं असेल, तेच हे.

त्यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ चा, स्वीडनमधल्या उप्साला शहराजवळचा. वडील जमीन मोजणीच्या कामात. छोटा स्वांते तीन वर्षांचा असताना स्वतःच वाचायला शिकला. पुढे उप्साला विद्यापीठात गेला, पण तिथं मन रमेना. १८८१ मध्ये त्यानं थेट स्टॉकहोम गाठलं.

तिथं त्यांनी पाण्यात विरघळलेल्या क्षारांमधून वीज कशी वाहते, याचा अभ्यास केला. १८८४ मध्ये प्रबंध उप्सालाला सादर केला. त्यातूनच पुढे सिद्धांत उभा राहिला, की पाण्यात क्षाराचे विद्युतभारित तुकडे, म्हणजे आयन होतात आणि तेच वीज वाहून नेतात. प्राध्यापकांना काही हे पटलं नाही. अऱ्हेनिअस कसेबसे काठावर पास झाले.

त्यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशातल्या शास्त्रज्ञांना पाठवल्या. त्या वाचून विल्हेल्म ऑस्टवाल्ड थेट उप्सालाला आले आणि नोकरी देऊ केली. मग घरच्यांनाही किंमत कळली.

१८८९ मध्ये त्यांनी दुसरी मोठी गोष्ट मांडली. कुठलीही रासायनिक क्रिया सुरू व्हायला ठराविक ऊर्जेचा उंबरठा ओलांडावा लागतो. तापमान वाढलं की जास्त रेणू तो ओलांडतात, उतरलं की क्रिया मंदावते. थंडीत इडलीचं पीठ लवकर फुगत नाही, त्यामागंही हाच नियम.

आता बॅटरीकडे या. चार्जिंग म्हणजे लिथियमच्या आयनांनी द्रवातून जाऊन ग्राफाइटमध्ये शिरणं. थंडीत द्रव घट्ट होतो, आयनांची चाल मंदावते आणि ग्राफाइटमध्ये शिरण्याची क्रियाही. अशात जोरात करंट सोडला, तर लिथियम आत न जाता वरच धातू होऊन साचतं. बॅटरी कायमची खराब होते, शॉर्ट सर्किटचाही धोका. म्हणून गाडीची यंत्रणा स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. बाहेरून आपल्याला वाटतं, चार्जर बंद पडला.

ज्या आयनांमुळे कमी गुण मिळाले, त्याच सिद्धांतासाठी १९०३ मध्ये अऱ्हेनिअस यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेल मिळवणारे ते पहिले स्वीडिश.

अजून एक गोष्ट राहिली. १८९६ मध्ये त्यांनी हातानं गणित करून दाखवलं, की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी ५ ते ६ अंशांनी तापेल. थंड देशात राहणाऱ्या अऱ्हेनिअस यांना ही ऊब चांगलीच वाटली होती. आज त्याच तापमानवाढीला आवर घालायला इलेक्ट्रिक गाड्या आल्यात.

२ ऑक्टोबर १९२७ ला स्टॉकहोममध्ये त्यांचं निधन झालं.

आणि थंडीचं म्हणाल, तर स्वीडनच्या शेजारचा नॉर्वे बघा. २०२४ मध्ये तिथं विकलेल्या दर १० नव्या कारपैकी जवळपास ९ इलेक्ट्रिक होत्या. तिथले लोक रात्रभर घरीच सावकाश चार्जिंग करतात. फास्ट चार्जरवर जायचं असेल, तर वाटेतच बॅटरी गरम करून घेतात. अऱ्हेनिअस यांचं सूत्रही तेच सांगतं, आधी ऊब द्या, मग वेग मागा.