कॉलिन चॅपमन

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन (जन्म : १९ मे १९२८, मृत्यू : १६ डिसेंबर १९८२) हे इंग्लंडमधील अभियंते, मोटारींचे रचनाकार आणि लोटस या मोटार कंपनीचे संस्थापक होते. जुनी, स्वस्त मोटार घेऊन घरच्या घरी शर्यतीची गाडी तयार करण्यापासून त्यांनी आरंभ केला. सुट्या भागांच्या रूपात विकत घेऊन ग्राहकाने स्वतः जोडायची मोटार, म्हणजेच किट कार, लोकप्रिय करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या संघाने फॉर्म्युला वन शर्यतींत सात वेळा निर्मात्यांचे विजेतेपद मिळवले.

== बालपण आणि शिक्षण ==
चॅपमन यांचा जन्म लंडनजवळील रिचमंड येथे झाला. त्यांचे वडील उत्तर लंडनमधील हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल चालवत असत. चॅपमन यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे स्थापत्यरचनेच्या अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. त्याच काळात ते विमान चालवण्यासही शिकले. कमीत कमी वजनात अधिकाधिक मजबुती साधण्याची विमानबांधणीतील दृष्टी पुढे त्यांच्या मोटारींत दिसून येते.

== पहिल्या मोटारी ==
विद्यार्थिदशेत चॅपमन जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करत. १९४७ च्या अखेरीस सरकारने खाजगी वापराचे पेट्रोल बंद केल्याने हा व्यवसाय कोसळला आणि १९३० सालची एक ऑस्टिन सेव्हन मोटार न विकता त्यांच्याकडे उरली. हेझेल विल्यम्स या त्यांच्या मैत्रिणीच्या घरामागील गॅरेजमध्ये त्यांनी तिचा मूळ सांगाडा मजबूत केला व त्यावर प्लायवूड आणि ॲल्युमिनियमची हलकी बॉडी चढवली. ही १९४८ मधील मोटार लोटस मार्क १ म्हणून ओळखली जाते. लोटस म्हणजे कमळ; हे नाव का निवडले, याचा खुलासा चॅपमन यांनी जाहीरपणे कधी केला नाही.

== इंजिनातील सुधारणा ==
मार्क ३ ही मोटार १९५१ मध्ये ७५० मोटर क्लबच्या शर्यतींसाठी तयार झाली. या शर्यतींत ऑस्टिन सेव्हनचे साधे इंजिन वापरणे बंधनकारक होते, त्यामुळे मोठे इंजिन बसवून वेग वाढवण्याचा मार्ग बंद होता. या इंजिनात चार सिलिंडरना हवा व पेट्रोलचे मिश्रण पुरवणारे मार्ग मात्र दोनच होते. एकाच मार्गातून दोन शेजारचे सिलिंडर मिश्रण ओढत असल्याने एकाचा वाटा दुसऱ्याकडे जाई आणि शक्ती कमी पडे. चॅपमन यांनी या सामाईक मार्गांत पडदा घालून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट करून दिली. त्यामुळे इंजिनाचा आकार न वाढवता शक्ती वाढली. मार्क ३ ने त्या वर्षीच्या शर्यतींत इतके वर्चस्व गाजवले, की क्लबने नियम बदलून या सुधारणेवर बंदी घातली.

== लोटस कंपनी आणि किट कार ==
हेझेल यांनी दिलेल्या २५ पौंडांच्या आधारावर १ जानेवारी १९५२ रोजी लोटस इंजिनिअरिंग कंपनी सुरू झाली. वडिलांच्या हॉटेलमागील तबेला हाच तिचा पहिला कारखाना होता. १९५४ मध्ये हेझेल व चॅपमन यांचा विवाह झाला.

१९५२ मधील मार्क ६ ही पोलादी नळ्यांच्या हलक्या सांगाड्याची मोटार होती. ती सुट्या भागांत विकली जाई. तयार मोटारीवर लागणारा खरेदी कर सुट्या भागांवर नसल्याने तिची किंमत बरीच कमी राही. इंजिन, गिअरबॉक्स यांसारखे भाग ग्राहक साध्या फोर्ड मोटारीतून घेऊ शकत. फोर्डचे ११७२ घनसेंटिमीटरचे इंजिन मूळचे संथ होते. पण सिलिंडर हेड घासून दाब वाढवणे, दोन कार्ब्युरेटर बसवणे अशा कमी खर्चाच्या उपायांनी हौशी चालक त्याची शक्ती वाढवत. गाडी हलकी असल्याने थोड्या शक्तीचाही मोठा परिणाम दिसे.

हाच विचार १९५७ च्या लोटस सेव्हनमध्ये पुढे आला. तिचे वजन अर्ध्या टनाहूनही कमी होते. १९७३ मध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि किट कारची करसवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कार्स या कंपनीकडे गेले.

== फॉर्म्युला वन ==
१९६२ च्या लोटस २५ मध्ये नळ्यांच्या सांगाड्याऐवजी पत्र्याची एकसंध पेटी वापरली गेली. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये इंजिन हाच सांगाड्याचा भार पेलणारा भाग होता. हे इंजिन बनवणाऱ्या कॉसवर्थ कंपनीचे संस्थापक माइक कॉस्टिन व कीथ डकवर्थ पूर्वी लोटसमध्ये काम करत. जिम क्लार्क, ग्रॅहम हिल, योखेन रिंट, एमर्सन फिटिपाल्डी आणि मारियो आंद्रेत्ती हे चालक लोटसमधून जगज्जेते झाले.

== टीका ==
वजन घटवण्याच्या ध्यासामुळे लोटसच्या गाड्या नाजूक असल्याची टीका होत राहिली. १९६९ च्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये हिल आणि रिंट या दोघांच्याही गाड्यांचे पंख मोडून अपघात झाले. त्यानंतर रिंट यांनी पत्राद्वारे चॅपमन यांच्याकडे गाड्यांच्या मजबुतीविषयी चिंता व्यक्त केली. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझा येथे सरावादरम्यान लोटस ७२ च्या अपघातात रिंट यांचा मृत्यू झाला. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले.

== मृत्यू आणि वारसा ==
१६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन यांचे वयाच्या ५४ व्या वर्षी निधन झाले. त्या वेळी डीलोरियन मोटार प्रकल्पातील सरकारी पैशांच्या अपहाराचे प्रकरण गाजत होते. या प्रकरणात चॅपमन यांच्यावर खटला चालू शकला नाही. मात्र पुढे १९९२ मध्ये लोटसच्या एका माजी अधिकाऱ्यास शिक्षा झाली.

सेव्हनची मूळ कल्पना आजही टिकून आहे. केटरहॅम कार्स तिच्या सुधारित आवृत्त्या बनवते, आणि साधे इंजिन व हलका सांगाडा घेऊन घरी मोटार जोडणारे हौशी लोक अनेक देशांत हाच आराखडा वापरतात.