कोल्हापूरला न पोहोचलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी

डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचा जन्म कल्याण येथे १८६५ साली झाला. १४ व्या वर्षी त्या माता झाल्या. परंतु योग्य उपचारांअभावी त्यांचे बाळ अवघे दहा दिवस जगले. त्यांच्या पदवीचे कौतुक सर्वत्र होते, त्या बाळाची आठवण मात्र क्वचितच निघते, ह्याचे आम्हांस वाईट वाटते. वैद्यकीय शिक्षणाचा त्यांचा निर्धार त्याच दुःखातून झाला. १८८६ साली फिलाडेल्फिया येथे त्या एम.डी. झाल्या, प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्राचाच होता. जोतिबाचे देवस्थान ज्या कोल्हापूर संस्थानात होते, तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आपल्या आजच्या सीपीआरमध्ये, स्त्री-कक्षावर त्यांची नेमणूक झाली. मात्र क्षयाने खंगलेल्या आनंदीबाईंना तेथे रुजू होता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे, बाविसावे वर्ष पूर्ण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले.