सहा टिंबांचा वारसा

पॅरिसजवळच्या कुव्रे गावी ४ जानेवारी १८०९ रोजी एका जिनगराच्या घरी लुई ब्रेल यांचा जन्म झाला. तिसऱ्या वर्षी वडिलांच्या आरीने एका डोळ्याला इजा झाली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्ण गेली.

१८१९ मध्ये ते पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाले. तेथे ग्रंथ होते. पण ते डोळसांनी कल्पिलेले. रोमन अक्षरेच जाड कागदावर उठावाने छापलेली. एकेक अक्षर चाचपीत वाक्याच्या अखेरीस पोचावे, तोवर आरंभ विसरलेला असे. पुस्तके अवजड, महाग आणि म्हणूनच मोजकी. ती कष्टाने वाचता येत. स्वतः लिहिणे मात्र जवळजवळ अशक्यच.

शार्ल बार्बिये या लष्करी अधिकाऱ्याने बारा टिंबांची लिपी शाळेपुढे मांडली. तीत केवळ ध्वनी होते, शुद्धलेखन नव्हते. शिवाय बारा टिंबे बोटाच्या एका स्पर्शात मावत नसत. ब्रेल यांनी ती सहांवर आणली आणि त्यांच्या ६३ रचनांत अक्षरे, अंक व विरामचिन्हे बसविली. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, लिपी आकारास आली. १८२९ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले. परंतु १८४० नंतर नव्या संचालकांनी ही लिपी वर्गातून हद्दपार केली. डोळसांना न कळणारी लिपी अंधांना समाजापासून तोडील, असा आक्षेप होता. विद्यार्थी ती चोरून वापरीतच राहिले आणि १८४४ मध्ये शाळेला नमते घ्यावे लागले. ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने ब्रेल यांचे निधन झाले. शाळेची अधिकृत मान्यता आली १८५४ मध्ये.

भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल निश्चित झाली व मराठीलाही ती लाभली. सुलभ प्रतींचा मार्ग मोकळा करणाऱ्या २०१३ च्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम अनुसमर्थन दिले ते भारतानेच. तथापि करार म्हणजे पुस्तक नव्हे. सत्र सुरू होताना डोळस विद्यार्थ्याच्या हाती क्रमिक पुस्तक असते. अंध विद्यार्थ्याला ते परीक्षेच्या तोंडावर मिळाले, तर ती वाचकाची सोय नव्हे, व्यवस्थेचीच सोय ठरते. ब्रेल यांचा झगडा नेमका याच वृत्तीशी होता. पुस्तक वाचकाच्या बोटांना अनुसरून घडावे आणि वेळेवर पोचावे, एवढेच त्यांच्या आयुष्याचे मागणे आहे.