पहिला धोका स्वतःच्या दारी

संस्था काढणे सोपे; तिच्यात नवे करून पाहण्याची हिंमत टिकविणे कठीण. एखादा तरुण कार्यकर्ता नवी कल्पना घेऊन येतो, तेव्हा आपण आधी विचारतो की फसले तर जबाबदार कोण? हा प्रश्न ओठांवर येईल तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांचे जीवन आठवा.

१८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढताना जोतीराव अवघे एकवीस वर्षांचे होते. पत्नी सावित्रीबाईंना स्वतः शिकवून त्यांनी शिक्षिका केले. त्यापायी वडिलांचे घर सुटले. शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंनी शेण-दगड झेलले, पण शाळा चालूच राहिली. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पहिला धोका त्यांनी स्वतःच्या दारी घेतला. म्हणून २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन होताच साधीसुधी माणसे त्यांच्या शब्दावर पुढे आली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुरोहिताविना पहिला विवाह लागला.

परंतु स्वतः धाडस केले की नेत्याचे काम संपते काय? नाही. जोतीरावांनी सहकाऱ्यांनाही मोकळे रान दिले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली ‘दीनबंधु’ पत्र काढले. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालविले. पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे छापून लोखंड्यांनी उरलेली जहाल म्हणून थांबविली. जोतीराव नाराज झाले, ती नाराजी त्यांनी लिहूनही ठेवली. पण कार्यकर्ता तोडला नाही. त्याच लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. सत्यशोधकांच्या चळवळीला ही नवीच वाट फुटली होती.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी धरले, आणि १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. ज्यांच्या हाती प्रथम पाटी दिली, त्यांच्याच हाती पुढे नेतृत्व आले.

तेव्हा वाचकहो, आपल्या मंडळाच्या पुढील बैठकीत एखादे काम तरुणांवर, विशेषतः भगिनींवर सोपवून पाहा. फसले तर दोष पदाधिकाऱ्यांनी घ्यावा. साधले तर नाव त्यांचे होऊ द्यावे. एवढे जमणार नसेल, तर जोतीरावांच्या तसबिरीला हार घालून काय साधणार?