अंधारातील गव्हाणी

नाताळ जवळ आला की आपल्या घरोघरी गव्हाणीची चित्रे येतात, बहुधा कॅलेंडरावर नाहीतर भेटकार्डावर. चित्रापुढे प्रार्थनेला बसायचे म्हटले की आम्हां प्रॉटेस्टंटांना दुसरी आज्ञा आठवते, आणि ती आठवावी हे योग्यच. परंतु चित्राला नमन करणे वेगळे आणि चित्र समोर ठेवून वचनाचे मनन करणे वेगळे. रेम्ब्रांटच्या चरित्रात आम्हांला हा भेद दिसतो.

त्याचा जन्म १६०६ साली हॉलंडातील लायडन येथे एका पवनचक्कीवाल्याच्या घरी झाला. तेथील रिफॉर्म्ड मंडळीने मंदिरांतील मूर्ती व चित्रे केव्हाच काढून टाकली होती. त्यामुळे शास्त्रातील प्रसंग वेदीवरून उतरून लोकांच्या घरांत आले. १६४६ साली राजपुत्र फ्रेडरिक हेन्द्रिक याने त्याला प्रभूच्या बालपणाच्या दोन चित्रांबद्दल २४०० गिल्डर दिले. त्यांतले एक मेंढपाळांच्या भेटीचे होते.

पैसा आला तसा गेला. पत्नी सास्किया १६४२ मध्ये वारली. तिच्या चार लेकरांपैकी एकटा टायटस तेवढा वाढला. पुढे हेन्द्रिक्ये नावाची बाई त्याच्या घरी राहिली. पुन्हा लग्न केल्यास सास्कियाच्या मृत्युपत्राप्रमाणे मिळणारे उत्पन्न जाणार होते, म्हणून त्याने लग्न केले नाही. १६५४ साली ती गरोदर असताना मंडळीच्या वडिलांनी तिला बोलावून प्रभुभोजनास बंदी केली. शिक्षा तिला झाली, त्याला नाही. हे आम्हांला आजही खटकते. १६५६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले.

याच दशकात त्याने तांब्याच्या पत्र्यावर कोरून मेंढपाळांच्या भेटीचे आणखी एक चित्र छापले. प्रथम पाहणाऱ्याला तो नुसता काळा कागद वाटतो. आम्हीही छापील प्रत पाहून पान उलटणारच होतो! पण थोडे थांबले की कंदिलाचा मंद उजेड दिसतो, मग आत येणारे मेंढपाळ, मग पेंढ्यावर पांघरुणात आडवी झालेली मरीया आणि तिच्याजवळ बाळ. घाई करणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. वाचकांनी एखाद्या संध्याकाळी लूकचा दुसरा अध्याय वाचून अशा चित्रापुढे दहा मिनिटे मुकाट्याने बसून पाहावे. नंतर चित्र मिटून डोळेही मिटावेत. प्रार्थना चित्राला नव्हे, प्रभूला करायची आहे.

१६६३ मध्ये हेन्द्रिक्ये गेली, १६६८ मध्ये टायटसही गेला. ४ ऑक्टोबर १६६९ रोजी ॲमस्टरडॅममध्ये रेम्ब्रांट मरण पावला, तेव्हा त्याच्या चित्रशाळेत एक अपुरे चित्र होते. ते आता स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे. त्यात म्हातारा शिमोन बाळ येशूला दोन्ही हातांवर घेऊन उभा आहे. त्याचे डोळे जवळजवळ मिटलेले आहेत, आणि उजेड त्याच्या चेहऱ्यावर व बाळावर पडला आहे.