भाई मणिसिंग

शिखांच्या इतिहासांतील दहा गुरूंचीं नांवें आमच्या बालवाचकांस ठाऊक असतात, रणजितसिंगाचेंही असतें. या दोहोंमधील काळांत अमृतसरास एक वृद्ध ग्रंथी होऊन गेले. ग्रंथी म्हणजे ग्रंथसाहिबाचें पठण व मंदिराची देखरेख करणारे सेवक. त्यांची हकीकत आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

भाई मणिसिंग हे दहावे गुरु गोविंदसिंग यांचे शिष्य. १७०६ च्या सुमारास तळवंडी साबो येथें गुरूंनीं ग्रंथसाहिबाची प्रत नव्यानें सिद्ध करविली, तेव्हां लेखणी मणिसिंगांच्या हातीं होती, असें शीख परंपरा सांगते. पुढें १७०८ सालीं आपल्या गोदातीरीं, नांदेड येथें, गुरूंचें देहावसान झालें आणि शिखांत दोन तट पडले. १७२१ सालीं गुरुपत्नी माता सुंदरी यांनीं मणिसिंगांस अमृतसरास पाठविलें. तेथें दोन्ही पक्ष शस्त्रें परजून उभे होते. मणिसिंगांनीं दोघांच्या नांवांच्या दोन चिठ्ठ्या सरोवरांत सोडविल्या व जी प्रथम वर येईल तिचा जय असें ठरविलें. ही युक्ति पोरकट वाटेल खरी; पण तिनें रक्तपात टळला.

लाहोरचा सुभेदार झकारियाखान याच्या अंमलांत शिखांस उघडपणें नांदणें कठीण झालें होतें. अमृतसरचा दिवाळीचा मेळा कित्येक वर्षें भरला नव्हता. मणिसिंगांनीं परवानगी मागितली. मेळा उरकल्यावर पांच हजार रुपये सरकारांत भरावे असा करार झाला. कोणी ही रक्कम दहा हजारही सांगतात. भाविकांच्या अर्पणांतून ती सहज उभी राहिली असती. चोहोंकडे निमंत्रणें गेलीं. इतक्यांत मणिसिंगांस कळलें कीं, सुभेदाराचें सैन्य येत असून जमलेल्या यात्रेकरूंवर घाला पडणार आहे.

येथें आम्हांस क्षणभर थांबावेंसें वाटतें. लोक आले तर करार पुरा होईल, पण त्यांचे प्राण जातील. न आले तर ते वांचतील, मात्र करार मोडल्याचा दोष एकट्या मणिसिंगांच्या माथीं येईल. त्यांनीं ताबडतोब लोकांस माघारीं फिरण्याचे निरोप धाडले. मेळा भरला नाहीं, पैसाही आला नाहीं.

मणिसिंगांस पकडून लाहोरास नेलें. धर्म सोडल्यास जीवदान मिळेल असें सांगण्यांत आलें. तें त्यांनीं नाकारलें. तेव्हां शरीराचा एकेक सांधा तोडून ठार करावें, अशी शिक्षा झाली. बहुतेक ग्रंथकार हें वर्ष १७३८ देतात. वधस्तंभापाशीं घडलेली एक गोष्ट शिखांच्या घरोघरीं सांगतात. मारेकऱ्यानें, कदाचित् दया येऊन, एकदम मनगटाला हात घातला. मणिसिंगांनीं त्यास अडविलें. हुकूम एकेक सांध्याचा आहे, तेव्हां बोटांच्या पेरांपासून सुरुवात कर, असें त्यांनीं शांतपणें सुचविलें.

शीख लोक आपल्या नित्याच्या प्रार्थनेंत, म्हणजे अरदासींत, ज्यांचे सांधे तोडले गेले त्यांचें स्मरण करतात. आजही ती म्हणतांना त्यांच्या डोळ्यांपुढें हा म्हातारा ग्रंथी उभा राहतो.