सर चंद्रशेखर व्यंकट रामन

आपल्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून जाताना तंबोरा जुळविणारा कारागीर कोणी पाहिला नसेल? तार घोडीवर जेथे टेकते तेथे तो सुताचा एक बारीक दोरा हलकेच सरकवितो, आणि आतापर्यंत बोथट असलेला स्वर एकाएकी भरदार होऊन झंकारू लागतो. ह्यालाच जवारी लागणे म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या कारागिरांनी केवळ कानाने साधलेल्या ह्या किमयेचे शास्त्रीय कारण १९२१ च्या सुमारास ज्यांनी शोधले, त्याच शास्त्रज्ञांनी पुढे प्रकाशाचे एक असे रहस्य उलगडले की, आज त्याचा उपयोग कर्करोग ओळखण्याच्या कामी होऊ लागला आहे. मिरज हे जसे वाद्यांचे गाव, तसेच १८९४ साली डॉक्टर वान्लेस ह्यांनी रुग्णालय उघडल्यापासून ते रुग्णांच्या आशेचेही गाव झाले. तेव्हा नाद व प्रकाश ह्या दोहोंच्या ह्या उपासकाचे चरित्र आपणास परके वाटू नये.

चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील शिक्षक होते व पुढे विशाखापट्टण येथील महाविद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. घरात संपत्ती बेताचीच, परंतु ग्रंथ व वाद्ये ह्यांची वाण नव्हती. अकराव्या वर्षी मॅट्रिक होऊन रामन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले, आणि १९०४ साली पदवीपरीक्षेत पहिले आले. पुढील शिक्षणासाठी विलायतेस जावे, असे गुरुजनांनी सुचविले. पण प्रकृती तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरांनी ह्या किरकोळ देहाच्या मुलास तेथील हवा मानवणार नाही असा अभिप्राय दिला. रामन मायदेशीच राहिले. १९०६ साली, विद्यार्थिदशेतच, त्यांचा प्रकाशाविषयीचा पहिला निबंध विलायतेतील एका मान्यवर नियतकालिकात छापून आला.

त्या काळी संशोधन हे कोणाचे पोट भरण्याचे साधन नव्हते. म्हणून १९०७ साली त्यांनी हिंदुस्थान सरकारच्या हिशेबखात्याची परीक्षा दिली, तीतही पहिला क्रमांक मिळविला, आणि पत्नी लोकसुंदरी ह्यांसह ते कलकत्त्यास अधिकारी म्हणून रुजू झाले. एके दिवशी ट्रामगाडीतून जाताना बहूबझार रस्त्यावर एका संस्थेची पाटी त्यांच्या दृष्टीस पडली. ही संस्था महेंद्रलाल सरकार नावाच्या एका डॉक्टरांनी १८७६ साली लोकवर्गणीतून उभारली होती. आपल्या देशबांधवांनी येथे येऊन स्वतंत्र संशोधन करावे, हा त्यांचा हेतू होता. परंतु त्यांनी वाट पाहिली तसे तरुण काही आले नाहीत, आणि १९०४ साली ते निराश मनाने निवर्तले. त्या ओस पडलेल्या प्रयोगशाळेचे दार रामन ह्यांनी ठोठावले. मग हाच क्रम सुरू झाला: पहाटे प्रयोगशाळा, दिवसा कचेरी, सायंकाळपासून रात्रीपर्यंत पुन्हा प्रयोगशाळा. मध्यंतरी रंगून व नागपूर येथे बदली झाली तो काळ सोडला, तर सुमारे दहा वर्षे हा नेम चालला. सर आशुतोष मुखर्जी ह्यांनी त्यांस विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे अध्यापक होण्याविषयी विचारले. वेतन पुष्कळच कमी होणार होते. १९१७ साली रामन ह्यांनी सरकारी अधिकार सोडला व अध्यापकाची खुर्ची पत्करली.

१९२१ साली ते विलायतेहून नारकुंडा नावाच्या आगबोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राचे गडद निळे पाणी पाहून त्यांचे मन विचारात पडले. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, अशी लॉर्ड रॅले ह्या थोर पंडिताची समजूत होती. रामन ह्यांनी खिशातील निकोल लोलकातून पाहून पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश वगळला. तरीही निळाई नाहीशी झाली नाही. उलट ती अधिकच खुलली. रंग पाण्याचा स्वतःचाच होता! बोट मुंबई बंदरात पोहोचली तेव्हा ह्याविषयीचे टिपण तयार झाले होते.

ह्याचे मर्म समजून घेऊ. कवायतीत मुले जशी रांगेत सारख्या अंतरावर उभी असतात, तसे निर्दोष स्फटिकातील कण असतात. अशा कणांपासून आजूबाजूस विखुरलेल्या प्रकाशलहरी एकमेकींना मारक ठरतात व बाजूला काहीच उरत नाही. द्रवातील कण मात्र जत्रेतील गर्दीसारखे असतात. क्षणात येथे दाटी, तर क्षणात तेथे विरळ. ह्या अव्यवस्थेमुळे लहरींचा हिशेब पुरता मिटत नाही, आणि शिल्लक राहिलेला थोडा प्रकाश बाजूस पसरतो. विस्कळितपणा हा प्रकाशाच्या मार्गातील केवळ अडथळा नसून, पदार्थाच्या अंतरंगाची वार्ता तोच बाहेर आणतो.

ह्या वार्तेचा माग त्यांनी सात वर्षे काढला. अखेर २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, के. एस. कृष्णन ह्या शिष्याच्या साहाय्याने चाललेल्या प्रयोगांत, त्यांस निश्चित दिसले की, एका रंगाचा प्रकाश द्रवात सोडला असता विखुरलेल्या प्रकाशात इतर रंगांचाही अत्यल्प अंश असतो. हा अंश इतका क्षीण की, प्रकाशाच्या सुमारे एक कोटी कणांमागे एखादाच कण असा पालटतो. बाजारात मडके घेताना गृहिणी ते बोटाने वाजवून पाहते. पक्के मडके एक नाद देते, चिरलेले दुसरा. तसाच प्रत्येक पदार्थाचा रेणू प्रकाशाच्या टिचकीला आपल्या विशिष्ट कंपनांनी उत्तर देतो, आणि त्या उत्तरावरून पदार्थ ओळखता येतो. हाच रामन परिणाम होय. ह्या शोधाबद्दल १९३० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानासाठी हा मान मिळविणारे ते पहिले आशियाई होत.

१९३३ साली ते बंगलोरच्या विज्ञानसंस्थेचे संचालक झाले. थोरांच्याही हातून चूक होते, हे येथे सांगितले पाहिजे. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळविलेली कमला भागवत ही महाराष्ट्रीय कन्या प्रवेश मागावयास गेली असता, केवळ ती स्त्री म्हणून त्यांनी नकार दिला. तिने माघार घेतली नाही. शेवटी काही अटींवर तिला प्रवेश मिळाला. तिचे काम पाहून रामन ह्यांचे समाधान झाले, आणि पुढे इतर मुलींसाठीही ते दार उघडले. हीच कन्या म्हणजे १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविणाऱ्या कमलाबाई सोहोनी.

१९४८ साली रामन ह्यांनी बंगलोर येथे आपली स्वतंत्र संशोधनसंस्था उभारली. १९५४ साली ते भारतरत्न झाले, आणि २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांनी देह ठेवला.

त्यांचा प्रकाश मात्र पुढे चालत राहिला. १९६० साली लेसर निघाला आणि त्या क्षीण उत्तराचे वाचन सुकर झाले. आपले शरीरही अव्यवस्थित माध्यमच आहे. दिव्यावर तळहात धरला तर तो लाल उजळतो, पण आतले हाड स्पष्ट दिसत नाही, कारण प्रकाश वाटेत असंख्य वेळा विखुरतो. कर्करोगात पेशींची केंद्रे फुगतात, त्यांची ठेवण बिघडते, स्निग्ध द्रव्ये व प्रथिने ह्यांचे प्रमाण पालटते. आणि त्याबरोबर प्रकाशाचे उत्तरही पालटते. निरोगी गालाच्या आतील त्वचेत स्निग्ध द्रव्यांची खूण ठळक असते, तर कर्करोगाच्या गाठीत प्रथिनांची. नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनसंस्थेत मुखाच्या कर्करोगावर असे प्रयोग झाले आहेत. योगायोग असा की, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालयही २८ फेब्रुवारीलाच, १९४१ साली, सुरू झाले.

ही पद्धत म्हणजे जादूची कांडी नव्हे. अंतिम निदान अद्याप ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच होते. परंतु शस्त्र न लावता रोगाची चाहूल लवकर लागली, तर कितीतरी घरे वाचतील. कारण तंबाखूपायी मुखाचा कर्करोग आपल्या देशात फार आढळतो, आणि तो आरंभीच कळला तर उपचारांस यश येण्याचा संभव पुष्कळ असतो. म्हणून पालकांनीही ध्यानात ठेवावे: तोंडातील पांढरा वा लाल चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत बरी न झाल्यास वैद्याकडे जाण्यास विलंब लावू नये.

एका डॉक्टराने प्रयोगशाळा बांधली व ती रिकामी पाहून तो गेला. एका हिशेबनिसाने तिचे दार उघडले, आणि समुद्र निळा का, ह्या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्या प्रश्नाचे उत्तर आज रुग्णाच्या उशाशी येऊन पोहोचत आहे. विद्यार्थिमित्रहो, वर्गात मनात आलेला एखादा साधा प्रश्न क्षुल्लक म्हणून टाकून देण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.